उत्तरेत रुजण्याचा रीतसर विधी

स्कँडिनेव्हियात राहण्याचा परवाना सरकार देते. त्यासाठी कागद असतात, शुल्क असते, वाट पाहणे असते आणि कधीतरी होकार येतो. शेजाऱ्यांचा परवाना मात्र कुठल्याच कचेरीत मिळत नाही. लोकर, माती आणि डोंगर या तीन विषयांत पास व्हावे लागते, आणि परीक्षा चालू आहे हे उमेदवाराला कोणी सांगतही नाही. सदर मार्गदर्शिका अशा उमेदवारांसाठी आहे.

उमेदवार पुण्याचा असो, पनवेलचा असो की परभणीचा, ओळखी बोलण्यातून होतात अशी त्याची ठाम समजूत असते. ऑस्लोच्या ट्रॅममध्ये ही समजूत पहिल्याच आठवड्यात निकालात निघते. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांना "आपण मूळचे कुठले?" असे विचारले की ते पुढच्या थांब्यावर उतरून जातात, त्यांचे घर तिथे असतेच असे नाही. इथली माणसे बोलत नाहीत असे नव्हे. हात कशात तरी गुंतलेले असले की बोलतात. म्हणून नवागताने आधी हात गुंतवावेत, तोंडाचे नंतर पाहता येईल.

आरंभ विणकामाने करावा, कारण ते घरात बसून होते आणि डिसेंबरात बाहेर तसेही काही दिसत नाही. ऑस्लोत वर्षातला सर्वांत लहान दिवस सहा तासांचाही भरत नाही. ट्रॉम्सोत तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. या काळात अंगाला लागून मरीनो लोकर, त्यावर जाड लोकर आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट घालावे. सुती कपडा निषिद्ध. घामाने भिजलेले सूत अंगावर गार पडते, लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. इथे वादाला जागा नाही. आईने बॅगेत कोंबलेली डझनभर सुती बनियने उन्हाळ्यासाठी जपून ठेवावीत. इथे उन्हाळा कधीकधी येतो.

सुया हातात घेण्यापूर्वी थोडा इतिहास पाठ असावा. मारित एम्स्टाड या तरुणीने १८५७ साली सेल्बू गावच्या चर्चमध्ये काळ्या-पांढऱ्या लोकरीचे, आठ पाकळ्यांच्या नक्षीचे हातमोजे घातले आणि पाहता पाहता सगळ्या पंचक्रोशीने ती नक्षी उचलली, असे सांगतात. आज ती नक्षी मोज्यांपासून मगांपर्यंत सगळीकडे दिसते. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात असताना लोक लाल लोकरी टोप्या घालून मूक निषेध करू लागले, तेव्हा फेब्रुवारी १९४२ मध्ये त्या टोप्यांवरच बंदी आली. निळ्या-पांढऱ्या-लाल पट्ट्यांचा मारिउस स्वेटर उन सॉइलांड या विणकाम-रचनाकार बाईंनी गाजवला. त्याला नाव मिळाले ते युद्धातले वैमानिक आणि स्कीपटू मारिउस एरिक्सन यांचे. १९५४ च्या एका चित्रपटात त्यांनी तो घातला होता. शेजारी स्वीडनमध्ये बूहुस प्रांतातले दगडफोडे बेकार झाले, तेव्हा त्यांच्या बायकांना काम मिळावे म्हणून एम्मा याकोबसन यांनी १९३९ मध्ये ‘बूहुस स्टिकनिंग’ उभी केली. तिथले स्वेटर आता संग्रहालयांत आहेत. थोडक्यात, समोरच्याच्या अंगावरचा स्वेटर पाहून "छान आहे, कुठून घेतला?" असे विचारणे म्हणजे नापास होणे. "कोणी विणला?" असे विचारावे.

प्रात्यक्षिकासाठी सेतेस्दाल खोऱ्यातले जाकीट घ्यावे: काळ्या अंगावर पांढरे ठिपके. या ठिपक्यांना तिकडे उवा म्हणतात आणि कोणालाही त्याचे काही वाटत नाही. गोल सुईवर टाके घालायचे आणि गळ्यापर्यंत सरळ नळकांडे विणत जायचे. उलट टाक्यांची भानगड जवळजवळ नाहीच, सगळे सुलट. खरी मेख मागच्या बाजूला असते. जो रंग पुढे दिसत नाही तो मागून ओढत न्यावा लागतो. त्याला ताण दिला तर स्वेटर आवळतो आणि ढील दिली तर बाही घालताना आतल्या दोऱ्यांत बोटे अडकतात. महिना-दीड महिना असा जातो. मग बाह्यांची जागा आखायची, तिच्या दोन्ही अंगांनी शिवणयंत्रावर टीप मारायची, कात्री घ्यायची आणि दोन टिपांच्या मधोमध तो सगळा स्वेटर उभा कापायचा. होय, कापायचा. खरी लोकर एकमेकीला धरून बसते, त्यामुळे टाके उसवत नाहीत. हे वाचायला सोपे आहे. कात्री चालवताना आजीला दुसऱ्या खोलीत पाठवावे आणि भारतात व्हिडिओ कॉल लावू नये.

या विषयाचे गांभीर्य कोणाला कमी वाटत असेल तर त्याने नॉर्वेच्या सरकारी दूरचित्रवाणीने २०१३ च्या नोव्हेंबरात केलेले थेट प्रक्षेपण आठवावे. मेंढी भादरण्यापासून स्वेटर तयार होईपर्यंतचा सगळा प्रकार रात्रभर दाखवला गेला. ऑस्ट्रेलियाचा ४ तास ५१ मिनिटांचा विक्रम मोडायचा होता. तो मोडला नाही, जवळही जाता आले नाही, आणि लोक बघत बसले. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच वाहिनीने बारा तास लाकूडफाट्याला दिले होते, त्यातले आठ तास शेकोटी जळताना दिसत होती. तक्रारी आल्याच. अर्ध्या तक्रारदारांचे म्हणणे की ओंडके रचताना साल वर हवी, बाकीच्यांचे म्हणणे की खाली.

आता माती. बागकामाचा पहिला धडा रांगेचा. शहरातल्या बिनबागेच्या माणसांसाठी इथे भाड्याच्या छोट्या बागांच्या वसाहती असतात. प्रत्येक तुकड्यावर बाहुलीच्या घराएवढी लाकडी खोली, दोन सफरचंदाची झाडे, एक ध्वजस्तंभ. स्टॉकहोममध्ये आन्ना लिंडहागेन यांनी १९०६ मध्ये त्यासाठी संस्था काढली. ऑस्लोतली रोदेलोक्काची वसाहत १९०७ ची. कल्पना कामगारांना भाजी आणि मोकळी हवा मिळावी अशी होती. आज तिथे डॉक्टरांपासून नटांपर्यंत सगळे अर्ज करतात आणि जागा मिळायला वर्षेच्या वर्षे लागतात. उमेदवाराने बाळाच्या जन्मदाखल्याबरोबरच अर्ज भरावा, म्हणजे बाळाला लग्नात बाग मिळेल. नंबर लागल्यावर कुंपणाच्या झुडपांची उंची किती असावी, खोलीला कोणता रंग द्यावा आणि गवत कधी कापावे हे समिती सांगते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायटीत सेक्रेटरीपद भूषवलेल्यांना इथे माहेरी आल्यासारखे वाटते.

तोपर्यंत खिडकी आहे. स्वीडनने सगळ्या देशाचे आठ लागवड-पट्टे पाडले आहेत, एक सर्वांत उबदार आणि आठ सर्वांत थंड, आणि रोपवाटिकेत प्रत्येक झाडावर पट्ट्याचा आकडा लिहिलेला असतो. आपला आकडा जन्मतारखेसारखा पाठ असावा. टोमॅटोचे बी मार्चमध्ये घरात टाकावे आणि मे महिन्यात रोपांना रोज थोडा वेळ बाहेर काढून हवेची सवय लावावी. जूनच्या सुरुवातीलाही एखाद्या रात्री अचानक दहिवर गोठते. स्वीडिश लोक तिला लोखंडी रात्र म्हणतात आणि त्या रात्री जुन्या चादरी घेऊन बागेत धावतात.

मराठी उमेदवार इथे हमखास फसतो तो कांद्यावर. सुटीवरून परतताना तो नाशिककडचे बी शोधतो आणि मोठ्या विश्वासाने पेरतो. त्या वाणाला गाठ धरायला अकरा-बारा तासांचा उजेड पुरतो. स्टॉकहोमच्या जूनमध्ये दिवस अठरा तासांहून मोठा असतो. रोपाला वाटते वेळ झाली, आणि चार पाती फुटतात न फुटतात तोच ते गाठ धरून मोकळे होते. पीक निघते, पण सगळा कांदा एका वाटीत मावतो. कोथिंबिरीचेही तेच: लांबलेल्या दिवसांत ती पाने टाकायचे सोडून थेट फुलावर येते. तिला एप्रिलमध्ये किंवा ऑगस्टमध्ये पेरावे. मेथीला मात्र इथला गारवा मानवतो, आणि पालकालाही, तो जूनच्या आत काढला तर. कढीपत्त्याचे रोप दक्षिणेच्या खिडकीत, हिवाळ्यात दिव्याखाली ठेवावे. ऑक्टोबरात त्याने पाने टाकली म्हणून रडू नये. भारतातून फांदी लपवून आणण्याचा विचारही करू नये. युरोपीय संघाने डिसेंबर २०१९ पासून प्रवाशांच्या सामानातल्या जवळजवळ सगळ्या ताज्या वनस्पतींना आरोग्य-प्रमाणपत्र सक्तीचे केले आहे. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांना. फोडणी यांतल्या एकाचीही होत नाही.

बागेत खरी ओळख होते ती गोगलगायीमुळे. म्हणजे शंख नसलेल्या, बोटभर लांब, तपकिरी गोगलगायीमुळे, जिला स्वीडनमध्ये सरळ खुनी म्हणतात. ती दक्षिणेकडून रोपांच्या कुंड्यांबरोबर आली, नर-मादी दोन्ही असलेला हा एकेक प्राणी चारशेच्या आसपास अंडी घालतो, आणि एका पावसाळी रात्रीत लेट्यूसचा वाफा संपवतो. गोगलगाय अन् पोटात पाय ही म्हण मराठीत कोणी केली कोण जाणे, पण त्याने ही बाग पाहिली असावी. २०२२ च्या खरिपात लातूर-बीडकडच्या सोयाबीनवर शंखी गोगलगायींनी जे केले ते ज्यांना आठवते, त्यांना यात विनोद दिसणार नाही. विधी असा: रात्री दहानंतर, पाऊस थांबल्यावर, कपाळाला दिवा बांधून बाहेर पडावे. उजव्या हातात कात्री. डोक्याच्या थोडे मागे, एकच काप. मग शेजारच्या कुंपणापलीकडे दुसरा दिवा हलताना दिसतो आणि अंधारातून आवाज येतो, "किती झाल्या?" चार वर्षे जिन्यात नुसती मान हलवणारा शेजारी आता आकडे विचारतो आहे. ही संधी सोडू नये. मात्र कात्र्या दोन ठेवाव्यात, आणि विणकामाची कोणती हे घरातल्या सर्वांना माहीत असावे.

उरला डोंगर. डेन्मार्कच्या उमेदवारांना या विषयात सूट आहे: तिथले सर्वोच्च नैसर्गिक ठिकाण मोलेहॉय समुद्रसपाटीपासून जेमतेम १७१ मीटर भरते. कळसूबाई १६४६ मीटर आहे हे डेनिश लोकांना सांगू नये, त्यांनी आपल्याला राहायला जागा दिली आहे.

नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने कोणालाही मोकळ्या रानात हिंडता येते, तंबूही ठोकता येतो. अट एवढीच की वस्तीच्या घरापासून दीडशे मीटर लांब आणि, डोंगराळ दूरचा भाग सोडला तर, एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त नाही. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या पर्यटन संघाने वाटांवर लाल रंगाचा टी रंगवून ठेवला आहे, आणि माणूस नसलेल्या झोपड्यांत शिधा भरून ठेवला आहे. आपण डबे उघडायचे, खायचे, काय खाल्ले ते लिहायचे आणि पैसे भरायचे. कोणी बघत नसते. प्रस्तुत लेखकाच्या मते नॉर्वेत पाहण्यासारखे जे काही आहे त्यात फ्योर्डच्या आधी या शिध्याच्या कपाटांचा नंबर लागतो.

शिष्टाचार उलटे आहेत, ते लक्षात ठेवावे. ट्रॅममध्ये ज्याने पाहिले न पाहिलेसे केले, तोच माणूस डोंगरात समोरून येताना "हाय" म्हणतो आणि उत्तराची अपेक्षा ठेवतो. सह्याद्रीत शिखरावर गर्जना करण्याची सवय असेल तर ती मनातल्या मनात करावी. डोंगराचे नऊ नियम आहेत. १९६७ च्या ईस्टरला डोंगरात अठरा जण दगावल्यावर त्यांचा घरोघर प्रचार झाला, आणि क्विक लुन्श नावाच्या चॉकलेटच्या वेष्टनावरही ते छापले गेले. त्यातला परत फिरण्यात लाज नाही हा नियम आपल्याकडच्या ट्रेकरांनी आधी वाचावा. चॉकलेट नंतर खावे.

स्कीला मेण लावण्याबद्दल दोन नॉर्वेजियनांचे एकमत झाल्याचे ऐकिवात नाही. साधारण शास्त्र असे: कडाक्याच्या थंडीला हिरवे, बऱ्यापैकी थंडीला निळे, शून्याच्या अलीकडे जांभळे, ओल्या बर्फाला लाल. मेण कमी पडले तर चढावर माणूस मागे घसरतो. जास्त चिकट झाले तर बर्फाचे गोळे तळाला धरतात आणि तो उभ्या उभ्या उंच होतो. तळाला केसाळ पट्टी असलेल्या, मेण न लागणाऱ्या स्कीही मिळतात. त्या घ्याव्यात, पण अपघाताने घेतल्यासारखे दाखवावे. आणि बर्फात यंत्राने पाडलेल्या खाचांतून पायी चालू नये. एरवी अत्यंत सौम्य असलेला हा समाज त्या एका गुन्ह्याला क्षमा करत नाही.

सप्टेंबरात अळंबी. कोकणातल्या पहिल्या पावसात रानात अळंबी वेचलेल्यांनी इथे तो अनुभव गुंडाळून ठेवावा. इथल्या रानात पांढरीशुभ्र, दिसायला निरागस अशी एक अमानिता जातीची अळंबी उगवते आणि ती यकृत निकामी करते. म्हणून टोपली घेऊन तपासणीच्या टेबलाशी जावे. हंगामात रविवारी जंगलाच्या तोंडाशी जाणकार स्वयंसेवक बसलेले असतात. ते एकेक अळंबी उलटी करून देठ चाचपतात, वास घेतात आणि अर्धी टोपली निर्विकारपणे बाजूला सारतात. तिथे हुज्जत घालू नये. पिवळ्या कांतारेल अळंब्या उरल्या तर नशीब. त्या लोण्यात परताव्यात. आले-लसूण पेस्ट फ्रिजमध्येच राहू द्यावी.

सोमवारी ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी कोणीतरी विचारेल, इतक्या कांतारेल कुठे मिळाल्या. विचारणारा कदाचित गेल्याच महिन्यात ठाण्याहून आलेला, "दादा" म्हणून हाक मारणारा मुलगा असेल. त्याला "जंगलात" एवढेच सांगावे, आणि तेही कॉफी अर्धी संपल्यावर.