खिडकीवाली केबिन, बिनखिडकीची झोप

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून रात्री नऊच्या सुमारास क्रीटची बोट सुटते आणि पहाटे सहाच्या आसपास हेराक्लिऑनला लागते. तिकीट काढताना मराठी माणसाचा हिशेब ठरलेला : हॉटेलची एक रात्र वाचली! सर्वांत स्वस्त डेक, मग विमानातल्यासारखी खुर्ची, मग चौघांची केबिन, त्यावर खिडकीवाली केबिन. खिडकीचे वेगळे पैसे! रात्रभर त्या काचेत दिसतो तो मिट्ट काळोख आणि त्यात आपलंच जागरणाने सुजलेलं तोंड. पण ‘सी-व्ह्यू घेतला होता’ हे भिशीत सांगायला बरं पडतं.

“नऊ तासांचा तर प्रश्न आहे, गप्पा मारत बसू,” म्हणणारे काका बाराच्या आत जिन्याखाली आडवे होतात. उशाला चपला, नाकाशी कुणा अनोळखी तरुणाचे मोजे. जाणत्या ग्रीक मंडळींनी चांगले कोपरे केव्हाच पटकावलेले असतात. एसी कडाक्याचा. चादर? ती भाड्याच्या गाडीत. आणि बोट सुटली की गाड्यांच्या मजल्यावर जायला मनाई.

केबिनवाले सुखी म्हणावेत, तर डोळा लागतो न लागतो तोच दारावर थाप : उठा, बंदर आलं. वाचवलेल्या रात्रीचा हिशेब पुढे हेराक्लिऑनच्या हॉटेलात होतो. तिथे खोली मिळते दुपारी.

तेव्हा पन्नाशी ओलांडली असेल, तर निमूटपणे बिनखिडकीची केबिन घ्या. आणि काही झालं तरी चादर वर घेऊन या.