सेकंडहँड घोडा कसा घ्यावा : दहिसर नाक्यावरच्या नवशिक्यांसाठी

मेहुण्याने समजावलं, बायकोने अबोला धरला, तरी तुम्ही ट्रेलर ओढणारा घोडा घ्यायचंच ठरवलं आहे. छान! न्हावा शेवाला कंटेनर उचलायचा, घोडबंदर रोडवर रात्र काढायची, वसईची खाडी ओलांडून वापी गाठायची. धंदा तसा सोपा आहे. अवघड असतं ते इंजिन ओळखणं, आणि ते कसं टाळावं हेच इथे शिकवलं आहे.

१. आधी रंग बघा. चेसिसला ताजा काळा रंग, इंजिन डिझेलने धुऊन लख्ख. एवढी स्वच्छता पाहून तुमचं मन भरून येईल, येऊ द्या. ऑइल कुठल्या सीलमधून गळतंय हे धुतलेल्या इंजिनावर दिसत नाही, आणि दिसलं नाही की भाव करताना मनाला त्रास होत नाही.

२. चार आकडे पाठ करा. टाटा ४०१८ म्हणजे ट्रेलर-मालासकट ४० टन आणि १८० अश्वशक्ती. हे एजंटसमोर सहज बोलल्यासारखं बोलून टाका. तो लगेच तुम्हाला ‘शेठ’ म्हणू लागेल. यापुढे काही विचारलंत तर अडाणी दिसाल, म्हणून विचारू नका.

३. भर दुपारी जा. सकाळी सातला गेलात तर इंजिन थंड सापडेल. थंड इंजिनाला चुगली करायची फार वाईट सवय असते: सेल्फ किती वेळ मारावा लागतो, पहिला धूर कुठल्या रंगाचा, सगळं सांगून टाकतं. दुपारी गाडी ‘आत्ताच डिझेल भरून आणलेली’ असते. अर्ध्या सेल्फला उठते.

४. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडू नका. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की सिलिंडरमधला दाब खाली उतरतो आणि या झाकणाच्या तोंडातून भकाभका बाहेर येतो. मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. झाकण उलटं करून तोंडावर ठेवलं तर ते टुणटुण नाचतं. एजंट म्हणेल, ‘एवढं तर नव्या गाडीचं पण मारतं, शेठ.’ मान डोलवा. धुराचंही तसंच. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे हवा-डिझेलचा मेळ बिघडलाय, गरम झाल्यावरही पांढरा सुटत असेल तर हेड गॅस्केटपाशी पाणी शिरत असण्याचा संभव. तुम्ही हे तिन्ही रंग ‘हवेत दमटपणा आहे’ या एकाच सदरात घाला.

५. आता इंजिनाची जात. इथे थोडा वेळ द्यावा लागेल, माफ करा. बाजारात दोन धर्म आहेत: यांत्रिक पंपाने डिझेल मारणारी पंपाची गाडी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या भरवशावरची सेन्सरची गाडी. पंपवाल्यांचं दैवत म्हणजे कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन. याच घराण्यातलं इंजिन १९८९ पासून अमेरिकेत डॉजच्या पिकअपमध्ये बसलं. तिथले लोक त्याने रविवारी बोट ओढतात, आपण ४० टन ओढतो आणि वर ‘पिकअप नाही’ म्हणून तक्रार करतो. या इंजिनात वेगळे लायनर नसतात, बोअर ब्लॉकमध्येच कोरलेला. झिजला की अर्धा मिलिमीटर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालतात, पुढच्या वेळी आणखी अर्धा, मग स्लीव्ह. म्हणून विचारायचा खरा प्रश्न ‘इंजिन कधी बांधलं?’ हा नसून ‘कितव्यांदा?’ हा आहे. अर्थात तो विचारून चहा कडू करू नका.

पंपाची गाडी कुठलाही मिस्त्री पान्याने खोलतो. फक्त ती बहुधा बीएस-३ प्रदूषण मानकाची किंवा त्याआधीची असते, आणि बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद झाली, म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण गाडीही आठ वर्षांपुढची. आठ वर्षांनंतर पर्यावरण कर आणि दरवर्षी फिटनेस. पंधरा ओलांडली तर एप्रिल २०२२ मध्ये फिटनेसची फी दीड हजारावरून साडेबारा हजारांवर गेली होती, हे एजंटला ठाऊक असतं. म्हणूनच तो ती तुम्हाला विकतोय.

उलट सेन्सरची, बीएस-६ ची गाडी घेतलीत तर युरियाची टाकी आलीच. युरिया संपला किंवा नॉक्स सेन्सर रुसला की गाडी रांगायला लागते. मग मिस्त्री पाना खाली ठेवून लॅपटॉपवाल्याला फोन लावतो आणि लॅपटॉपवाला नेमका भिवंडीत असतो. कोणता धर्म चांगला? ज्याची गाडी आज अंगणात उभी आहे, तो. एजंट अतिशय सहिष्णू असतो.

६. दुरुस्तीचा हिशेब फक्त पार्टचा धरा. फुल इंजिन बांधायला लाखाच्या वर जातील, हे कुणीही सांगेल. गाडी मनोरजवळ बंद पडली, तर पार्ट येईपर्यंत बँकेचा हप्ता, ड्रायव्हरचा भत्ता, क्रेन, ताटकळलेल्या मालवाल्याची शिवी आणि हातातून गेलेली पुढची फेरी, हे कोटेशनमध्ये येत नाही. जुने मालक इंजिन निवडताना एकच बघतात: दहिसर ते तलासरी या पट्ट्यात कुठेही बिघडलं तर संध्याकाळपर्यंत पार्ट आणि हात दोन्ही मिळतात का. अशा रुक्ष माणसांच्या नादी लागू नका. त्यांच्या केबिनवर झालरसुद्धा नसते.

७. स्वतःचा मिस्त्री नेऊ नका. एजंटकडे एक निःपक्षपाती मिस्त्री असतो.

८. कागद. फॉर्म २९, फॉर्म ३०, आधीचं कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५. गाडीवर कर्जाचा बोजा अजून नोंदलेला आहे का, हे परिवहन खात्याच्या ॲपवर मिनिटात दिसतं. ॲप उघडायला गेलात की नेमका चहा येईल.

९. ट्रायल. मागे ट्रेलर नाही, माल नाही, अशा रिकाम्या घोड्यावर बसा. चाळीस टनांसाठी बांधलेलं इंजिन स्वतःचं सहा-सात टन वजन ओढताना विमानासारखं वाटणारच. चेकनाक्याच्या अलीकडे एजंट गाडी वळवील. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला, जड वाहनांना नाही, आणि एजंटला तुमच्या पैशांची फार काळजी असते. ‘टोल मी भरतो, लोड लावून खाडीवरच्या वर्सोवा पुलावर चढवून दाखवा,’ असं चुकून म्हणालात तर डिझेल संपत आल्याचं त्याला आठवेल, ड्रायव्हरला जेवायचं असेल, आणि अंधेरीहून दुसरी पार्टी रोख घेऊन निघालेली असेल.

तेव्हा टोकन द्या. रोख दिलंत तर पावती मागून त्याला लाजवू नका, जीपे केलंत तर नाव कुणाचं दिसतंय ते बघू नका. सही करताना घोड्याच्या पोटाखाली नजर गेली तर तिथे पुठ्ठा अंथरलेला दिसेल. त्यावरचं ऑइल कालच्या गाडीचं आहे.