गळतीवाले अण्णा

आमच्या इमारतीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे पहिल्या मजल्यावरच्या काकूंना कळतं, कोण रात्री किती वाजता आलं हे वॉचमनला कळतं आणि कुणाच्या गाडीचा सायलेन्सर कुठं फुटलाय हे तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांना कळतं. पहिल्या दोघांच्या माहितीत थोडा मीठमसाला असतो. अण्णांची माहिती मिलिमीटरमध्ये असते.

अण्णांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात 34 वर्षं लेथ चालवला. लेथवरचा माणूस डोळ्यांइतकंच कानानं काम करतो. टूल बोथट झालं की जॉबवर ओरखडा दिसायच्या आधी आवाज बदलतो. निवृत्त झाल्यावर लेथ राहिला तिकडे, कान आला घरी. तो रिकामा बसेना. मग त्यानं आमचं पार्किंग ताब्यात घेतलं.

डिसेंबरातल्या थंडीत सकाळी साडेसहाला अण्णा खाली उभे असतात. अंगात विटकरी स्वेटर, हातात चहाचा स्टीलचा पेला, डोक्यावर माकडटोपी. टोपीची डावी बाजू कानावरून वर दुमडलेली. उजव्या कानाला थंडी वाजू नये आणि डाव्याची ड्युटी चुकू नये, अशी ती व्यवस्था. कुणी गाडी चालू केली की अण्णा पेला कठड्यावर ठेवतात, बॉनेटकडे डावा कान करतात आणि उजवा हात वर करतात. मैफलीत समेच्या आधी जाणकार करतात ना, तसा.

"बंद करू नका ओ! ऐकू येतंय न्हवं?"

समोरच्याला काहीही ऐकू येत नसतं. त्याला ऑफिस असतं.

"टिक टिक टिक... ऐका की. दोन मिनिटांत बंद हुईल बघा."

आणि दोन-चार मिनिटांत ती खरोखर बंद होते. इथंच सगळी गोम आहे. लोखंड गार असतं तेव्हा गॅस्केटची फट उघडी असते. इंजिन तापलं की लोखंड फुगतं आणि फट आपोआप मिटते. म्हणजे घरी टिकटिकणारी गाडी गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत सोज्वळ झालेली असते. मेकॅनिक कान लावतो, "काही नाही साहेब" म्हणतो आणि आपण वेडे ठरतो. दवाखान्याची पायरी चढताच दुखायची थांबणारी दाढ आणि सायलेन्सरची बारीक गळती, दोन्ही एकाच घराण्यातल्या.

"गाडी गॅरेजात मुक्कामाला ठेवायची," हा अण्णांचा सल्ला. "सकाळी मेकॅनिकनं स्वतः गार गाडी चालू करायची. सून बघायला दुपारी जायचं नाही, सकाळी पाणी भरताना जायचं." या वाक्यावर काकू खिडकी आपटून लावतात.

माझ्या गाडीचं असंच झालं. दहा वर्षांची पांढरी हॅचबॅक. सकाळी टिकटिकायची आणि सिग्नलला उभी राहिली की आत धुराचा वास यायचा. एका गॅरेजवाल्यानं "टॅपेट आहे" म्हणून टॅपेट सेट केले, बिल दिलं, मी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टिकटिक तशीच. मग मी स्वतःच पराक्रम केला. नळाच्या जोडाला लावतात ती दोन रंगांची लुगदी मळली आणि पाईपाच्या जोडावर थापली. आठवडाभरात तिचा कोळसा झाला आणि गाडीत धुराच्या जोडीला जळक्या रबराचा वास येऊ लागला. अण्णांनी तो कोळसा चिमटीत धरून सगळ्या पार्किंगला दाखवला. "सर, ह्यो पाईप हाय. तुमच्या बाथरूमचा नळ न्हवं."

मग रविवारी तपासणी ठरली. अण्णांची पेटी म्हणजे बिस्किटांचा जुना डबा. त्यात हातभर रबरी नळी, टॉर्च, साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली, उदबत्तीचा पुडा आणि एक जुनं बनियन. शेजारचा मुलगा म्हणाला, "अण्णा, पूजा आहे काय?" त्याला हळद-कुंकू आणायला पिटाळण्यात आलं. तो बिचारा घेऊनही आला.

पहिली परीक्षा नळीची. नळीचं एक टोक कानात, दुसरं जोडाजोडावरून फिरवायचं. फुटक्या जागी टोक आलं की कानात फट् फट् वाजतं. "टॅपेट आणि लीक एकाच चालीत वाजतात सर, म्हणून ते गॅरेजवालं फसलं," अण्णा बॉनेटखालून म्हणाले. हिशेब सोपा होता. इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साधारण 800 फेरे घेतं, आणि प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा धूर सोडतो. म्हणजे मिनिटाला 400, सेकंदाला सहा-सात टिचक्या. टॅपेटही त्याच गतीनं टिचकतो. "पण टॅपेट सुई टोचतंय. लीक फुंकर मारतंय. अ‍ॅक्सिलेटर द्या... बघा, फुंकर वाढली!" मला दोन्ही सारखंच ऐकू आलं. मी मान हलवली. गाणं न कळणारा माणूस मैफलीत हलवतो तशी.

दुसरी परीक्षा उदबत्तीची. पेट्रोलचा वास नाही ना, हे तीनदा हुंगून झाल्यावर अण्णांनी ती पेटवली. जोडाजवळ नेताच धुराची सरळ रेघ दचकून बाजूला झाली. तिसरी साबणाची, आणि ती इंजिन बंद करून, गार झाल्यावर. त्यासाठी आमच्या घरचा व्हॅक्यूम क्लीनर मागवण्यात आला. त्याची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडात घातली, भोवती बनियन गुंडाळलं आणि बटण दाबलं. अण्णांनी साबणाचं पाणी मारलं. इंजिनातून खाली उतरणाऱ्या पहिल्या पाईपाच्या जोडावर फेसाचा एक फुगा आला, मोठा झाला आणि फुटला. मग दुसरा आला. सोसायटीतली पोरं टाळ्या वाजवू लागली. सौ. गॅलरीतून म्हणाली, "तो आता माझ्या सोफ्यावर फिरणार नाही." तो आजही पार्किंगमध्येच असतो.

टॉर्च लावल्यावर पुरावाही सापडला. जोडाच्या कडेला जिभेसारखी काळी काजळी. "एवढी परीक्षा कशाला घेतली मग?" मी विचारलं. "काजळी तर नुसती बघूनच दिसली असती." अण्णा गप्प झाले. क्रिकेटचा सामना बघायच्या आधीच निकाल सांगितल्यावर माणूस जसा बघतो, तसे बघत राहिले.

दुरुस्तीचं काम मात्र घाई न करण्याचं. रात्री गंजलेल्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. सकाळी दोन नट सुटले, तिसऱ्याचा स्टड कट् करून तुटला. अण्णांनी माकडटोपी काढली. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग त्यांच्या उद्यमनगरातल्या जुन्या दोस्तानं त्या थोटकावर एक नट ठेवून वेल्ड केला आणि तापलेला असतानाच पाना लावून थोटूक बाहेर काढलं. नवं गॅस्केट दोन प्लेट मिसळीच्या पैशात आलं. मिसळ मला वेगळी द्यावी लागली, दोघांना.

अण्णांच्या आयुष्यात एकच पराभव आहे आणि तो घरात "मेव्हण्याचं भोक" या नावानं ओळखला जातो. मेव्हण्याच्या गाडीच्या सायलेन्सरला तळाशी एक बारीक भोक होतं, त्यातून पाणी ठिबकायचं. अण्णांनी तत्परतेनं ते वेल्ड करून बुजवलं. वर्षाच्या आत सायलेन्सर आतून कुजला आणि करूळ घाटात रस्त्यावर पडला. ते भोक कंपनीनंच दिलेलं असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन जातं. पण मेव्हणा रोज फक्त भाजी आणायला गाडी काढायचा. पाणी आत साचायचं आणि त्याला जायला तेवढीच वाट होती, ती अण्णांनी बंद केली. "सगळीच भोकं बुजवायची नसतात सर," हे आता ते फार गंभीरपणे सांगतात. त्यावर घरातून वहिनींचा आवाज येतो, "मेव्हण्याला सांगा!"

इतकं असून अण्णांना मी एकदाच रागावलेलं पाहिलं. वरच्या मजल्यावरचे एकजण म्हणाले, "एवढ्याशा फुस्सला काय होतंय? म्युझिक मोठं केलं की ऐकू येत नाही." अण्णांनी पेला खाली ठेवला. आधी त्यांनी पैशाची बाजू सांगितली. फट पुढच्या भागात असली की दोन टिचक्यांच्या मध्ये बाहेरची हवा पाईपात शिरते, ऑक्सिजनचा सेन्सर कॉम्प्युटरपुढं खोटी साक्ष देतो, आणि कॉम्प्युटर नको तेवढं पेट्रोल ओततो. मग त्यांचा आवाज खाली आला. "धुराचा वास येतोय ते नशीब म्हणा. त्यातला कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास न्हाई, रंग न्हाई. रक्तात ऑक्सिजनपेक्षा दोनशे पट जास्त घट्ट चिकटतोय. डोकं दुखतंय, झोप येतेय, आणि माणसाला वाटतंय दमलोय. मागं पोरगं झोपलेलं असतंय तुमचं." पुढच्या रविवारी त्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांची गाडी पार्किंगमध्ये जॅकवर होती.

माझी गाडी आता टिकटिकत नाही. तरी रोज सकाळी किल्ली फिरवल्यावर मी दोन मिनिटं थांबतो आणि ऐकतो. परवा शेजारच्या गाडीतून बारीक फुंकर ऐकू आल्यासारखी वाटली. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी डोळे मिटून मान हलवली, "टॅपेट हाय." मी अजून शिकाऊ आहे.

तुमच्याही इमारतीत एखादे असे अण्णा असतील. सकाळी गाडी चालू केल्यावर ते बॉनेटपाशी येऊन उभे राहिले, हात वर केला, तर घाई आहे म्हणून काच वर करू नका. खाली करा.