जहाजावरचं सोवळं

टिटवाळ्यात संध्याकाळी सातनंतरचा पुरुषांचा पोशाख ठरलेला आहे. वर बनियन, खाली लेंगा. खांद्यावर पंचा असला तर माणूस जरा नीटनेटका. यामागे आळस नाही, मध्य रेल्वे आहे. दीड-पावणेदोन तास दुसऱ्याच्या कोपराखाली उभं राहून, कल्याण, शहाड, आंबिवली असं एकेक स्टेशन मोजत घरी आलेल्या माणसाला अंगावरचा शर्ट आपला वाटतच नाही. तो आधी खुंटीवर जातो, मग चहा येतो. दारावर कुणी आलं तर बनियनवर शर्ट चढवायचा आणि गुंड्या लावत लावत कडी काढायची, हा आमच्याकडचा फॉर्मल. पाहुणा जिना उतरला की पुन्हा कॅज्युअल.

अशा गावात लेकीचा सिंगापूरहून फोन आला. "बाबा, तू आणि आई माझ्याबरोबर क्रूझवर येताय. तिकिटं काढली. कपड्यांचा एक कागद पाठवलाय, तो तू वाच. आईला गरज नाही."

कागदात लिहिलं होतं की दिवसा काय घालायचं ते घाला. पण संध्याकाळी सहानंतर मुख्य भोजनगृहात अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा शर्ट आणि रबरी चपला चालणार नाहीत. एरवीच्या रात्री 'स्मार्ट कॅज्युअल'. एक रात्र मात्र 'फॉर्मल': पुरुषांना सूट-टाय किंवा डिनर जॅकेट, बायकांना गाऊन किंवा तत्सम. बायकांच्या बाबतीत 'तत्सम' म्हणून सोडून दिलं होतं. आम्हाला सूट मिळाली होती ती फक्त शिवून घ्यायची.

कागद घेऊन मी आमच्या कट्ट्यावर गेलो. तिथे कुठल्याही विषयावर तज्ज्ञ मिळतो आणि पैसे लागत नाहीत. 'स्मार्ट कॅज्युअल'वर बराच काथ्याकूट झाला. एकाच्या मते, स्मार्ट म्हणजे इस्त्री आणि कॅज्युअल म्हणजे ती दुसऱ्या दिवशीही चालवायची. शेवटी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ निकाल देऊन मोकळे झाले. "शर्ट आत खोचायचा," ते म्हणाले, "पण मनापासून नाही." यापेक्षा अचूक व्याख्या मला पुढे जहाजावरही कुणी सांगितली नाही.

ड्रेस कोड ही गोष्ट आम्हाला नवी आहे असं मात्र कुणी समजू नये. आमच्या पट्ट्यात हळदीला गेलात तर अख्खा मांडव पिवळा असतो, आणि निळा शर्ट घालून गेलेल्या माणसाकडे वरपक्षातला की वधूपक्षातला असं न विचारता, हा केटररचा का, असं विचारतात. लग्नात फेट्यांचा रंग घराणं सांगतो. आता तर देवळांनीही कपड्यांचे नियम केले. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकानं २०२५ च्या जानेवारीत तोकड्या कपड्यांना मनाई जाहीर केली. तेव्हा दारावर अडवणारा माणूस आम्हाला परका नाही. प्रश्न एवढाच, की जेवायला बसण्यासाठी गळ्याला गाठ मारायची कल्पना कुणाची?

शोध घेतला तर उत्तर गमतीचं निघालं. लंडनच्या सॅव्हिल रोवर हेन्री पूल नावाचं शिंप्याचं दुकान आहे. १८६५ साली इंग्लंडच्या युवराजाला, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डला, आपण आखूड कोट शिवून दिला, असं ते आजही अभिमानानं सांगतात. तोवर रात्रीच्या जेवणाला मागे शेपट्या असलेला लांब कोट लागायचा. युवराज खाण्यापिण्यातला माणूस. घरगुती जेवणाला काहीतरी सैलसर, बसायला सोयीचं हवं, म्हणून त्यानं शेपट्या उडवल्या. तेच डिनर जॅकेट. म्हणजे आज ज्या कपड्याच्या नुसत्या नावानं टिटवाळ्यातल्या माणसाला घाम फुटतो, तो मुळात युवराजाचा घरी आल्यावर घालायचा लेंगा आहे! या हिशेबानं अजून शे-दीडशे वर्षांत आमचं बनियनही एखाद्या जहाजाच्या फॉर्मल रात्री सक्तीचं होईल. तेव्हाचे आजोबा ते नातवाच्या लग्नात एकदाच घालतील आणि काखेत काचतं म्हणून कुरकुरतील.

पुढे अटलांटिकवरच्या मोठ्या जहाजांनी हा थाट उचलला. पहिल्या वर्गात रोज रात्री नटून जेवायला उतरायचं. त्यातही पहिल्या रात्री माफी असे, कारण ट्रंका उघडलेल्या नसत. टायटॅनिक बुडताना बेंजामिन गुगेनहाइम नावाचे धनाढ्य गृहस्थ जीवरक्षक जाकीट काढून रात्रीचा ठेवणीतला पोशाख चढवून आले, असं वाचलेल्यांनी सांगितलं. एवढी निष्ठा माझ्याच्यानं होणार नाही. जहाज बुडायला लागलं तर मी आहे त्या कपड्यांत बुडेन.

आपल्याकडच्या लोकांनीही या पोशाखाशी दोन हात केले आहेत. १८८८ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून विलायतेला निघालेले मोहनदास गांधी काटे-चमचे कसे धरायचे आणि कशात मांस नाही हे विचारायचं कसं, या संकोचानं भोजनगृहात जाईचनात. बरोबर नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर केबिनमध्येच दिवस काढत. जहाजावर काळा सूट वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा खास उतरतानासाठी राखून ठेवला. उतरले तर सप्टेंबरअखेरीच्या त्या गर्दीत पांढऱ्या कपड्यांतले ते एकटेच. शरमेची ही हकीकत त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहिली आहे. त्रेचाळीस वर्षांनी, १९३१ साली, हाच माणूस गोलमेज परिषदेसाठी 'राजपुताना' जहाजातून पंचा नेसून गेला आणि राजालाही त्याच वेषात भेटला.

आणि त्यांच्याही आधी, आमच्यापासून तीन स्टेशनांवरच्या कल्याणची लेक. १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. वय अठरा. निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी सांगून टाकलं होतं की माझं खाणं आणि माझा पोशाख मी बदलणार नाही. आणि त्या बदलल्या नाहीत. साडी नेसूनच अमेरिकेत शिकल्या. लेकीनं कपड्यांचा कागद माझ्या बायकोला वाचायला दिला नाही त्याचं कारण मला तेव्हा कळलं. हे प्रकरण कल्याणच्या बाईनं जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच निकालात काढलं होतं.

आता पुरुषांचं. आपल्याकडे जेवणाचा फॉर्मल पोशाख नव्हता, असं नाही. तो सायबापेक्षा कडक होता. माझे आजोबा सणाला मुकटा नेसून पाटावर बसत. आधी स्नान, मग अंगावरचा सदरा खुंटीला, कमरेला रेशमी मुकटा, वर उघडं अंग आणि जानवं. शिवलेला कपडा पंगतीत वर्ज्य. फरक पाहा: सायबाच्या पंगतीला बसायचं तर माणूस एकावर एक कपडे चढवत जातो, आपल्या पंगतीला बसायचं तर एकेक उतरवत येतो. बाकी सगळं सारखं. तिकडे कुठला काटा आधी उचलायचा याचा नियम, इकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर पानाच्या डाव्या बाजूला कोणत्या क्रमानं याचा नियम. तिकडे सगळ्यांना वाढल्याशिवाय सुरुवात नाही, इकडे यजमानानं 'सावकाश होऊ द्या' म्हटल्याशिवाय घास नाही. आणि तिकडे दाराशी गणवेशातला माणूस कुणाला आत सोडायचं ते ठरवतो. आमच्या सोवळ्याच्या पंगतीला तो माणूसही लागत नसे. कोण बसणार आणि कोण अंगणातच थांबणार, हे जातीनं जन्माच्या वेळीच ठरवून टाकलेलं असे. टाय नसलेल्या पाहुण्याला जहाज वेळप्रसंगी टाय उसना देतं. आमच्या आजोबांच्या पंगतीत जात उसनी मिळत नव्हती. तेव्हा सायबाला हसताना आवाज जरा बेतानं काढावा.

माझ्याकडे लग्नातला सूट होता. तो घेऊन कल्याणला शिंप्याकडे गेलो. त्यानं शिवण उलटी करून पाहिली आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाला, "काका, मार्जिन संपलं." मग कपाटातून भाच्याच्या लग्नातला काळा बंद गळ्याचा कोट निघाला. त्याला टाय लागत नाही हा त्याचा पहिला गुण, आणि तो पोटावर मिटतो हा दुसरा. कागदात शोधलं तर तळाशी बारीक अक्षरांत आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालेल असं होतंच. क्यूनार्डसारखी जुन्या वळणाची कंपनी, जी अजून गाला रात्री साजऱ्या करते, तीदेखील स्कॉटलंडच्या घागऱ्यापासून राष्ट्रीय पोशाखापर्यंत सगळं मान्य करते. तिकडे नॉर्वेजियन नावाच्या कंपनीनं २००० सालीच सक्तीची फॉर्मल रात्र मोडीत काढली आणि तोच जाहिरातीचा विषय केला. एकूण, सायबाची शिवणही उसवू लागली आहे.

फॉर्मल रात्र उजाडली. म्हणजे मावळली. हिनं मोरपंखी पैठणी नेसली आणि आम्ही केबिनबाहेर पडलो. जहाजावर अशा रात्री जागोजागी पडदे लावून छायाचित्रकार उभे असतात. फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर लावून विकतात. त्यांच्यापैकी एकानं हिला जिन्याशी उभं केलं. मग एक ऑस्ट्रेलियन बाई पदरावरचे मोर पाहायला आल्या. मग त्यांच्या मैत्रिणी आल्या. हे मोर छापलेले नाहीत, येवल्याला हातमागावर विणलेले आहेत, हे हिनं त्यांना मराठीत समजावलं आणि त्यांना ते समजलं. भाड्याच्या डिनर जॅकेटात कोंबलेले त्यांचे नवरे आणि मी, सगळे एका बाजूला पर्सा धरून उभे होतो. सगळ्या देशांतल्या पुरुषांचा फॉर्मल रात्रीचा खरा पोशाख म्हणजे हातातली बायकोची पर्स.

खरी पंचाईत पुढेच होती. त्या दिवशी संकष्टी होती. टिटवाळ्याच्या महागणपतीच्या गावात राहणाऱ्या बाईनं समुद्रावर आलो म्हणून चतुर्थी सोडायची, हा प्रश्नच नव्हता. साडेआठच्या बैठकीत आम्ही स्थानापन्न झालो. समोर काट्यांची रांग, घडी घातलेला रुमाल, मेणबत्ती, आणि आम्ही दोघंही पाणी पीत बसलेलो. त्या अवघ्या दालनात जेवायला सगळ्यात जास्त नटून येऊन काहीही न खाणारे आम्हीच. लेक कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, सगळे बघतायत." ही म्हणाली, "बघू देत, चंद्र दिसला की सांगा म्हणावं."

वाढपी घाबरून मुख्य वाढप्याला घेऊन आला. तो निघाला म्हापशाचा. जगातल्या निम्म्या जहाजांना गोवेकरच जेवू घालतात. पैठणी, कोरी ताटं आणि घड्याळाकडे पाहणारी बाई एवढ्या पुराव्यावरून त्यानं ओळखलं. "संकष्टी काय, काकी?" मग तो स्वतः दोनदा डेकवर जाऊन आकाश पाहून आला. कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ मुंबईची, जहाज कुठल्या कुठे. त्यामुळे त्या रात्री आमचं पंचांग म्हणजे तोच. पावणेदहाला तो लगबगीनं येऊन म्हणाला, "आयलो!" आम्ही वर गेलो, हिनं हात जोडले. शेजारी उभ्या असलेल्या दोन-तीन बो घातलेल्या गृहस्थांनी, हाही कार्यक्रमाचा भाग असावा असं समजून, आपले पेले उंचावले.

उपास सुटला तो लोणी घातलेल्या बटाट्यावर, वरणावर आणि भातावर. जहाजावर त्या रात्री लॉबस्टर होता. रात्री वरच्या मजल्यावरच्या बुफेत डोकावलो, तर तिथे ज्यांनी फॉर्मलला नकार दिला होता ते सगळे बर्म्युडात आनंदात जेवत होते. मुलुंडचे एक गृहस्थ घरून आणलेला थेपला लोणच्याशी खात होते. मला बंद गळ्यात पाहून म्हणाले, "अरेरे, सापडलात वाटतं."

मी सापडलो नव्हतो. खरं सांगायचं तर मला ती रात्र आवडली. रोजच्या जेवणाला वर्षातून एखाद्या रात्री सणाचा मान द्यावा, अंघोळ करून, केस विंचरून, ठेवणीतलं घालून माणसांसमोर बसावं, यात वाईट काही नाही. वाईट आहे ती मोजपट्टी. २०१४ साली चेन्नईत एका न्यायाधीशांना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसली म्हणून क्लबाच्या दारात अडवलं, तेव्हा तमिळनाडू सरकारनं त्याच वर्षी कायदा करून वेष्टीला क्लबांचे दरवाजे उघडून दिले. आपल्याकडे धोतरासाठी असा कायदा कुणी मागितला नाही. कारण उघड आहे, धोतर नेसता येणारा माणूसच क्लबाच्या दारापर्यंत पोचत नाही. थाट हवा, पण तो ज्याच्या त्याच्या कपाटातला हवा, एवढंच माझं म्हणणं.

तेव्हा टिटवाळा, कल्याण, डोंबिवलीहून जे कुणी क्रूझला निघणार असतील त्यांना सांगणं असं: सूट शिवू नका, तो पुन्हा बाहेर निघेपर्यंत मार्जिन संपतं. पुरुषांनी एक बंद गळ्याचा कोट न्यावा, बायकांनी कागद वाचूच नये. आणि तिकीट काढण्यापूर्वी पंचांग पाहावं. फॉर्मल रात्र कोणती ते जहाजवाले आधी कळवतात. चतुर्थी कधी आहे ते कळवत नाहीत.