एक हितचिंतक

देणगीदारांच्या यादीत 'एक हितचिंतक' एवढंच छापायला सांगणारी माणसं मला जरा धोक्याची वाटतात. ज्याला नाव हवं असतं तो फरशीवर ते कोरून घेतो आणि सुखाने घरी जातो. निनावी दात्याचं काय करायचं?

१९५५ च्या 'डॅडी लाँग लेग्ज' या चित्रपटातला जर्व्हिस पेंडलटन तिसरा हा या जातीचा मेरुमणी. न्यूयॉर्कचा गडगंज गृहस्थ. कामधंद्याच्या वेळी ड्रम बडवत बसतो. फ्रान्समध्ये गाडी अडते, मदत मागायला हा एका अनाथाश्रमात जातो आणि तिथे अठरा वर्षांची ज्यूली चिल्ल्यापिल्ल्यांना शिकवताना दिसते. लगेच निघाला दत्तक घ्यायला! राजदूत मित्र कपाळाला हात लावतो. मग तोड निघते: 'जॉन स्मिथ' या नावाने तिला अमेरिकेत कॉलेजात घालायचं. तिने फक्त पत्रं लिहायची.

पोर मनापासून लिहिते आणि हा बाबा एकही पत्र वाचत नाही. सेक्रेटरी ग्रिग्ज ती फाइलला लावतो, ऑफिसातली मिस प्रिचर्ड वाचून डोळे पुसते. म्हणजे उपकार साहेबांचे आणि माया कर्मचाऱ्यांनी पगारात करायची! दोन वर्षं हे चालतं. टकल्या, तिरसट ग्रिग्जच या चित्रपटाचा खरा पालक, असं माझं ठाम मत आहे.

अखेर साहेब पत्रं वाचतात, कॉलेजात जातात (ज्यूलीची खोलीसोबतीण यांचीच पुतणी) आणि तिच्याबरोबर नाचून प्रेमात पडतात. जर्व्हिस झालेला फ्रेड अॅस्टेअर १८९९ चा, ज्यूली झालेली लेस्ली कॅरन १९३१ ची. पण त्याचे पाय हलू लागले की वजाबाकी सुचत नाही. तिच्याभोवती घुटमळणारा एक तरुण आहे. त्याचा काटा कसा काढावा? या जातीला भांडता येत नाही, उपकारच करता येतात. पोराला थेट बोलिव्हियात खाणीवर नोकरी!

पुढे हॉटेलात शेजारच्या गॅलरीतून त्याच राजदूताच्या कानावर साहेब आणि ज्यूलीचं बोलणं पडतं. तो असा झाडतो, की साहेब शरमेने जगप्रवासाला पळतात. पोरगी पुन्हा पत्रं लिहीत बसते.

शेवटी ती साहेबांच्या हवेलीवर येते, जॉन स्मिथ कोण ते उलगडतं, नाच होतो, सगळं गोड होतं. ग्रिग्जच्या पगारवाढीचं मात्र कोणी नाव काढत नाही.