अण्णांचा जमाखर्च

बार्शी लाइट रेल्वेचे रूळ एकमेकांपासून अवघ्या अडीच फुटांवर होते, आणि त्या अरुंद मार्गावर ज्याची उभी हयात गेली त्याच्या स्वभावात ऐसपैसपणा कोठून यावा, असे आमची आई अण्णांच्या काटकसरीविषयी मोठ्या समजूतदारपणे म्हणत असे. अण्णा कुर्डुवाडीस गुड्स क्लार्क होते. लातूरकडून छोट्या गाडीने आलेला माल तेथे हमालांकरवी उतरवून मोठ्या गाडीत चढवावा लागे, आणि या चढउतारीत एखादे पोते फाटले, भिजले वा वाटेत हलके झाले तर तसा शेरा दप्तरी मारणे हे अण्णांचे काम असल्यामुळे, समोर येणारी प्रत्येक वस्तू मोजून व संशयाने पारखून घेण्याचा शिरस्ता त्यांच्या हाडीमाशी भिनला होता. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात वऱ्हाड दारी उतरले तेव्हा, सुवासिनी पंचारती घेऊन तिष्ठत असता, त्यांनी बोटाने मंडळी मोजली आणि व्याह्यांना अत्यंत अदबीने विचारले, ‘‘पत्रात चाळीस होते, हे तीन नग जादा कसे?’’ (व्याही पोस्टातले होते, म्हणून निभावले.)

१९५४ साली सरकारने ती रेल्वे विकत घेतली, तेव्हा ‘साहेब बदलतात, पोती बदलत नाहीत’ एवढाच त्यांचा अभिप्राय पडला. परंतु १ एप्रिल १९५७ रोजी नये पैसे चलनात आले आणि अण्णांच्या प्रतिभेस खरा बहर आला. आण्याचे मोल वस्तुतः सव्वासहा नये पैसे. पण पाव पैशाचे नाणेच नसल्यामुळे सरकारी कोष्टकात एका आण्यास सहा, दोन आण्यांस बारा व तीन आण्यांस एकोणीस असे दर ठरले होते. त्या कोष्टकाने सारा गाव भांबावला असता अण्णांनी ते रात्री कंदिलाशी बसून अभ्यासले आणि सकाळी फर्मान काढले, की यापुढे साखर रुपयाची एकदम न आणता दोन-दोन आण्यांची आठ खेपांत आणावी, म्हणजे खेपेस अर्ध्याप्रमाणे रुपयामागे चार नये पैसे सुटतील. तीन आण्यांची खरेदी मात्र, पाव पैसा अंगावर येत असल्याने, सर्वस्वी निषिद्ध.

‘‘आणि पोरांच्या चपला झिजतील, त्या कोणत्या खाती घालायच्या?’’ आईने विचारले. अण्णांनी क्षणभर विचार केला, आईचा मुद्दा ग्राह्य धरला आणि आम्हांस अनवाणी रवाना केले.

तिसऱ्या दिवशी वाण्याने धाकट्याजवळ निरोप दिला, ‘‘अण्णांना नमस्कार सांग, आणि म्हणावं, पुड्यांच्या कागदाचे आता निराळे पडतील.’’ त्यासरशी तो व्यवहार कायमचा तहकूब झाला.

अण्णा यथाकाल सेवानिवृत्त झाले, तेव्हा घरावर एका छदामाचे कर्ज नव्हते. वाण्याच्या वहीत मात्र कागदाचे चार नये पैसे आमच्या नावे अद्याप बाकी आहेत, असे त्याचा मुलगा परवा सांगत होता.