विनयाचा मायना

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणे नोंदविताना आपली स्तुती आपणच करणाऱ्यालाही त्यांत जागा दिल्यामुळे मराठी माणसाची पिढ्यान्‌पिढ्या मोठी कुचंबणा झाली. कारण स्तुती तर व्हावी, पण ती स्वमुखाने होऊ नये, आणि त्या कामी शेजाऱ्यावर विसंबावे तर तो स्वतःच्या स्तुतीची तजवीज करण्यात गुंतलेला, असा तो पेच होता. फेसबुक आणि व्हॉट्सॲप यांनी तो सोडविला. हल्ली पुरस्कार मिळालेला गृहस्थ पुरस्कार मिळाल्याचे कळवीतच नाही. अंगी यत्किंचित पात्रता नसताना एवढा सन्मान पदरी पडल्याने आपण किती संकोचून गेलो आहोत, हे तो शाल, श्रीफळ, मानचिन्ह आणि कडेला अर्धेच आलेले मंत्रिमहोदय यांच्या छायाचित्रासह जाहीर करतो.

विनय पूर्वीही होता, आणि तो सर्वस्वी खरा होता असा दावा कोणी करू नये. साऱ्या दौलतीचा कारभार पुण्याहून चालू लागल्यावरही पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव येई व मागाहून मुख्य प्रधानाचे. हुकूम कोणाचा चालतो याविषयी कमाविसदारापासून हुजऱ्यापर्यंत कोणालाही शंका नसे. पत्रातला साष्टांग नमस्कारही मायन्यापुरता. तो उरकला की लिहिणारा थकलेल्या वसुलीकडे वळे. कालिदासाने रघुवंशाच्या आरंभी स्वतःस मंदबुद्धी म्हणवून घेतले खरे, परंतु पुढे १९ सर्ग लिहून त्याने त्या विधानाचा चोख बंदोबस्त केला. आजच्या मजकुरात मायना तेवढा असतो. सर्ग येतच नाहीत.

‘पुन्हा पहाटे विमानतळ! कधी संपायची ही वणवण?’ असा आक्रोश करणाऱ्या इसमास त्या वणवणीतून कोणी खरोखरच सोडविले, तर तो अंथरूण धरील. ‘सहज’ म्हणून लावलेले स्टेटस २४ तासांनी आपोआप नाहीसे होते, ही व्यवस्था वैराग्यास केवढी पोषक! मात्र तेवढ्या अवधीत ते कोणाकोणाच्या दृष्टीस पडले याची यादी हा विरक्त पुरुष घटकेघटकेला उघडून पाहतो, आणि धाकट्या साडूचे नाव तीत नसले तर त्यास अन्न गोड लागत नाही.

उघड बढाईखोर मला त्यापेक्षा परवडतो. त्याचे ऐकून घेतले की काम भागते. नम्र मनुष्य मात्र आपल्याकडून स्वतःचे खंडन करवून घेतो. ‘छे छे, आपली योग्यता याहून कितीतरी अधिक’ असे लेखी दिल्यावाचून तो आपणास रजा देत नाही.

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर परदेशी असलेल्या एका मावसभावाने मध्यंतरी उपम्याचे छायाचित्र पाठविले. ‘स्वतःच्या हातचा साधा उपमा. आपले जगणे हे असेच,’ एवढाच मजकूर. आणि बशीशेजारी नव्या मोटारीची किल्ली, तिच्यावरील चिन्ह बरोबर वर येईल अशा बेताने विसरलेली. भराभर अंगठे उमटले, नमस्कार आले, उपम्याच्या मोकळेपणाची वाखाणणी झाली. किल्लीचा उल्लेख कोणी करीना. अखेर थोरल्या मावशींनी ‘कढीपत्ता दिसत नाही रे उपम्यात?’ अशी पृच्छा केली. या आठवड्यात मिळाला नाही, असे त्याने अदबीने कळविले, आणि थोड्या वेळाने त्याच उपम्याचे दुसरे छायाचित्र आले. त्यात किल्ली बशीत होती.